फाटकं

चाळीस वर्षं दोन महिने मी वेदीच्या पलीकडे उभा राहिलो.
आज अलीकडे, तिसऱ्या बाकावर,
आणि हात कुठे ठेवावेत ते सुचत नाही.

मटाई क्रीकचं चर्च म्हणजे लाकडी फळ्या, वर पत्रा,
साठ माणसांसाठी बांधलेलं, अकरा जणांनी ऊबदार ठेवलेलं.
हीटर ड्युल्सी बेगच्या घरून येतो
आणि उपासना संपली की तिच्याच मांडीवर बसून परत जातो.

बिशपबाईंनी लिहिलं होतं: तिथले पाळक तुम्ही नाही.
तिथे पाळकपण सगळ्यांचं मिळून आहे. तुम्ही सोबत करा.
सोबत.
मी हो म्हणालो, कारण मार्जरी गेल्यापासून
रविवार संपता संपत नव्हता.

मागच्या खोलीत फ्रीजवर, मेंढीच्या चुंबकाखाली, कामांचा कागद.
प्रवचन लिंडसेचं. भाकर न्यायरीची.
घंटा, ज्याचा गुडघा त्या दिवशी दुखत नसेल त्याची.
मी माझं नाव शोधत खाली खाली गेलो, चष्मा बदलला:
कॉलिन. गवत कापणे. तिसऱ्या रविवारी प्रभुभोजन.
याच क्रमाने.

लिंडसे मॅकॉर्किंडेल उभा राहिला, स्वेटरला ओल्या लोकरीचा वास,
आणि हरवलेल्या मेंढराबद्दल बोलला.
त्या दाखल्यावर मी तीसेक प्रवचनं दिली असतील,
मूळ ग्रीक शब्दांसकट.
तो म्हणाला, "नव्व्याण्णव सोडून कुणी जात नाही.
मी तरी गेलेलो नाही. मी कुत्रा पाठवतो.
कुत्राही परतला नाही, तर स्वयंपाकघरात दिवा लावून बसतो.
झोप येत नाही. एवढंच मला त्यातलं कळलंय."
आणि बसला.
माझ्या आत एक लाल पेन्सिल कायम टोक करून असते.
तिला कुठे टेकावं कळेना.

सप्टेंबर. कोकरं जन्मायचे दिवस, दक्षिणेकडून गारठा.
रात्री दीडला दारात पिकअप: जॉस्लिन,
जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला असते ती.
"रॉय ट्वीडी चाललाय. ऊनाने मला बोलावलंय.
येतोस? फाटकं उघडायला कुणीतरी हवं."

इकडचा नियम असा: शेजारी बसेल त्याने उतरायचं,
फाटक उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं.
बिशप असला तरी.
गळ्यात स्टोल, खिशात तेलाची कुपी, पायात मार्जरीचे गमबूट,
आणि पुढे सात फाटकं.
एकाला साखळी, एकाला दोरी,
एक नुसतं उचलून ओढायचं, हे मला तीन हिसक्यांनंतर कळलं.
पाचव्याची कडी गोठून बसलेली.
तिला मी अभिषेकाचं तेल चोळलं.
देव क्षमा करो. कडी निघाली.

जॉस्लिनने रॉयचा हात धरला.
प्रार्थना तिला पाठ होती, मधली एक ओळ चुकलेली.
मी दिवा धरून उभा होतो. मी ती ओळ दुरुस्त केली नाही.
कुपीत उरलेलं ऊनाने आपल्या अंगठ्यावर घेतलं
आणि नवऱ्याच्या कपाळावर टेकवलं,
पिठाचा डाग पुसावा तसं.
बाहेर एक मेंढी सारखी खोकत होती.
जॉस्लिनचे कान तिकडे होते, मला दिसलं.
सगळं आटोपल्यावर ती आधी तिकडेच गेली.

येताना पुन्हा सात.
उजाडत होतं. हातांना गंजाचा वास,
धुतला तरी गेला नाही.

गुरुवारी गवत कापायचंय.
मशीन पहिल्या झटक्यात सुरू होत नाही,
ड्युल्सी म्हणते, शिवी दिली की होतं.
कुठली शिवी, ते तिने
उपासनेच्या पत्रकामागे लिहून दिलंय.